कॅम्पसच्या पत्त्यावर कंपनी: पहिल्या अर्जापासून पहिल्या इन्व्हॉइसपर्यंत

पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात शिकत असताना तिथल्याच इन्क्युबेटरमधून (नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणारं केंद्र) आम्ही तिघांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. पहिला अर्ज ऑगस्ट २०२३ मध्ये केला, पहिलं इन्व्हॉइस ऑगस्ट २०२४ मध्ये निघालं. त्या वर्षातला निम्मा वेळ यंत्रावर गेला आणि निम्मा कागदांवर. यंत्राबद्दल सांगायला कॉलेजात माणसं असतात, कागदांबद्दल प्रत्येक जण म्हणतो, "सीए बघून घेईल." सीए बघतो, पण त्याच्याकडे जाण्याआधी कोणत्या कागदावर कोणाचं नाव आहे हे आपणच बघायचं असतं. आमची जवळजवळ प्रत्येक अडचण तिथेच उगवली. म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहून ठेवतोय.

सुरुवात इंटर्नशिपची. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत कंपन्यांच्या लोगोंची दोन पानं असतात. यातले बरेचसे सामंजस्य करार म्हणजे वर्षाला एक व्याख्यान आणि एक कारखाना-भेट. उपयोगी पडलं ते ट्रेनिंग-प्लेसमेंट कार्यालयाचं एक साधं पत्र, ज्यावर भोसरी एमआयडीसीतल्या एका सीएनसी शॉपने (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर धातू कापणारा छोटा कारखाना) जून २०२३ मध्ये सहा आठवड्यांसाठी आत घेतलं. पत्रासोबत विद्यार्थी अपघात विम्याची प्रत आणि सेफ्टी शूज लागतात. विम्याची प्रत नसेल तर गेटवरूनच परत पाठवतात. विमा बहुधा फीमध्येच भरलेला असतो, फक्त पॉलिसीची प्रत लेखा विभागातून मागून घ्यावी लागते.

विषय तिथेच सापडला: कूलंट, म्हणजे धातू कापताना थंडाव्यासाठी सोडायचं द्रव. पाण्यात मिसळणारं कटिंग ऑइल साधारण ५ ते ८ टक्के ठेवायचं असतं. मशीन गरम होतं, पाणी उडतं, प्रमाण वाढतं. मग ऑपरेटर नळाचं पाणी ओततो आणि ते एकदम खाली येतं. मोजायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर असतो. त्याच्या काचेवर, म्हणजे प्रिझमवर, दोन थेंब टाकायचे, ब्रिक्स (पट्टीवरचा आकडा) वाचायचा आणि तेलाच्या ड्रमवर छापलेल्या गुणकाने गुणायचा. हा गुणक कोणी लावत नाही. १.८ गुणकाच्या तेलाचा ३ ब्रिक्स म्हणजे ५.४ टक्के. पण "तीनच आलंय" म्हणून आणखी तेल ओतलं जातं, आणि मग हाताला खाज येते म्हणून तक्रार. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शॉपमध्ये सडक्या अंड्यासारखा वास येतो, त्याचं कारणही टाकीतच असतं. मशीनच्या सरकत्या भागांचं तेल गळून वर तरंगतं, पंप बंद असल्याने खाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय वाढणारे जीवाणू वाढतात. टाकीत बसून प्रमाण सतत मोजणारा, मोबाइलवर आकडा दाखवणारा प्रोब करायचा, एवढीच आमची कल्पना.

ऑगस्टमध्ये प्री-इन्क्युबेशनचा, म्हणजे कंपनी काढण्याआधीच्या टप्प्याचा, अर्ज केला. दोन पानांचा अर्ज आणि आठ मिनिटांचं सादरीकरण. समितीत दोन प्राध्यापक, इन्क्युबेटरचे व्यवस्थापक आणि बाहेरचे एक उद्योजक. बाजारपेठ किती कोटींची वगैरे आकड्यांकडे कोणी पाहिलं नाही. "किती जणांनी वापरून बघायला हो म्हटलंय?" एवढंच विचारलं. तीन शॉपमालकांनी लेटरहेडवर लिहून दिलेल्या चार ओळी पुढे ठेवल्या आणि काम झालं. अशी पत्रं गोळा करायची असतील तर मजकूर आपणच टाइप करून न्यावा. मालक सही-शिक्का लगेच देतात, लिहायला बसत नाहीत.

निवड झाल्यावर मिळालं ते असं: एक टेबल, कार्यशाळेची वेळ, थ्रीडी प्रिंटर आणि प्रोटोटाइपसाठी ४०,००० रुपये, तेही बिलं दाखवून परत मिळणारे. बिल विद्यापीठाच्या नावानेच हवं. आम्ही पहिले ६,२०० रुपयांचे सुटे भाग बुधवार पेठेतून स्वतःच्या नावाने घेतले. ते पैसे गेले ते गेलेच.

प्रोब प्रयोगशाळेत उत्तम चालला आणि भोसरीत दोन दिवसांत आंधळा झाला. प्रयोगशाळेत आम्ही आरओच्या पाण्यात ताजं मिश्रण करत होतो. शॉपमधलं पाणी बोअरचं, जड. जड पाण्यात इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) फुटतं, साबणासारखा मळ धरतो, आणि वरच्या तेलाचा पापुद्रा प्रिझमवर बसतो. पापुद्रा बसला की यंत्र तेलाचंच वाचन देतं: १४, १५, काहीही. उपाय साधा होता, पण सापडायला नोव्हेंबर उजाडला. नमुना पृष्ठभागावरून न घेता तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवरून ओढायचा, आधी जाळीतून न्यायचा आणि प्रत्येक वाचनाआधी काचेवर कूलंटचाच फवारा मारायचा. कोणाचंही यंत्र असो, पहिली चाचणी गलिच्छ जागी घ्या.

जानेवारी २०२४ मध्ये इन्क्युबेशन कराराचा मसुदा हातात पडला. सोळा पानं. त्यात दोन कलमांवर थांबायचं: हिस्सा आणि बौद्धिक संपदा.

हिस्सा ८ टक्के मागितला होता. आम्हाला वाटलं, हा नियमच असेल. तो नियम नव्हता. शिक्षण मंत्रालयाचं २०१९ चं राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण आहे, विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघांसाठी. त्यात सेवा-सुविधांच्या बदल्यात संस्था २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते असं म्हटलंय, आणि लगेच पुढे हेही, की पूर्णवेळ प्राध्यापकांचा मोठा वाटा नसेल तर हिस्सा सहसा याहून बराच कमी असावा. ते पान छापून नेलं. भांडण झालं नाही. "किती जागा वापरता, किती पैसे घेतले, मार्गदर्शन कोणाचं" असा हिशेब झाला आणि ३ टक्क्यांवर सही झाली. मुदत १८ महिने. धोरणाचा हाच कागद पुढे कामाला येतो, कारण विद्यार्थ्यांनी कॅम्पसचा पत्ता कंपनीसाठी वापरायलाही हे धोरण मुभा देतं.

बौद्धिक संपदेचं कलम जास्त नाजूक. संस्थेची साधनं, निधी लक्षणीय प्रमाणात वापरून केलेलं काम संयुक्त मालकीचं. संस्थेबाहेर, तिच्या सुविधांशिवाय केलेलं काम करणाऱ्याचं. आमचं पहिल्या प्रकारचं, त्यामुळे संयुक्त मालकीला ना म्हणण्यात अर्थ नव्हता. फक्त दोन गोष्टी घालून घेतल्या: कंपनीला वापराचा परवाना मिळेल आणि तो किती वर्षांचा. पेटंट कायद्याच्या कलम ५० नुसार सहमालक स्वतः पेटंट वापरू शकतो, पण दुसऱ्याला परवाना द्यायचा तर बाकीच्या मालकांची संमती लागते. कंपनी ही कायद्याने चौथीच व्यक्ती, आपण तिघं म्हणजे कंपनी नव्हे. हे तेव्हाच लिहून घेतलं नाही तर पुढे स्वतःच्याच यंत्रासाठी विद्यापीठाच्या समितीपुढे उभं राहावं लागतं. प्रकल्प एखाद्या कारखान्याने प्रायोजित केला असेल तर त्यांचा करार आधी वाचा. बहुतेक वेळा तयार होणारं सगळं त्यांच्याच नावावर जातं.

मार्चमध्ये कॅम्पसवर प्रकल्प-प्रदर्शन होतं. यंत्र तिथे उघडं मांडलं असतं तर पेटंटच्या दृष्टीने ते जाहीर झालं असतं आणि नावीन्य संपलं असतं. म्हणून १४ फेब्रुवारीला पेटंटचा तात्पुरता अर्ज ऑनलाइन दाखल केला. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे, अँटॉप हिलला जातात. तिथे जावं लागत नाही. फॉर्म १, तात्पुरत्या तपशिलासह फॉर्म २ आणि शैक्षणिक संस्था सहअर्जदार असल्यामुळे फॉर्म २८. शुल्क १,६०० रुपये. तात्पुरत्या अर्जात दावे (नेमका कशावर हक्क सांगतोय ती वाक्यं) लागत नाहीत, पण आकृत्या भरपूर द्या. जे तिथे लिहिलेलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. काचेवर फवारा मारायची युक्ती आम्ही आधी "किरकोळ" म्हणून गाळली होती, मार्गदर्शकांनी घालायला लावली. आता मुख्य दावा त्यावरच आहे. पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात, एक दिवसही जास्त नाही. आमचा १० फेब्रुवारी २०२५ ला गेला.

आता कंपनी. सगळ्यात आधी तिघांची डिजिटल सही, वर्ग ३, दोन वर्षांची, टोकनसह माणशी १,७५० रुपये. मोबाइलवर व्हिडिओ पडताळणी होते, दिवसभरात टोकन तयार. त्याआधी नावं जुळवून घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब, असा आपल्याकडचा नेहमीचा गोंधळ. संचालक क्रमांकासाठी पॅनवरचं नाव प्रमाण धरतात, गुणपत्रिकेला विचारत नाहीत. आमच्यातल्या एकाच्या पॅनवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं. दुरुस्तीत अकरा दिवस गेले.

दुसरी अडचण राहत्या पत्त्याच्या पुराव्याची. दोन महिन्यांच्या आतलं बँक स्टेटमेंट, लाइट बिल किंवा फोनचं बिल चालतं. विद्यार्थ्यांचे फोन प्रीपेड, त्यामुळे बिल नाही. लाइट बिल घरमालकाच्या नावावर. राहिलं बँक स्टेटमेंट, त्यावर पूर्ण पत्ता छापलेला हवा. मोबाइल ॲपमधून काढलेल्या स्टेटमेंटवर बऱ्याचदा पत्ता येत नाही. शाखेत जाऊन छापील, शिक्क्याचं घ्या.

नावासाठी स्पाइस प्लस या कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन अर्जाचा भाग अ. दोन नावं देता येतात, शुल्क १,००० रुपये. ४ मार्चला भरला, ७ मार्चला परत आला. पहिलं नाव एका नोंदलेल्या ट्रेडमार्कच्या फार जवळचं, दुसऱ्यात सगळेच शब्द सर्वसाधारण. अर्ज एकदा दुरुस्त करून पाठवता येतो, त्याला १५ दिवस मिळतात. त्यानंतर पुन्हा हजार रुपये. म्हणून आधी कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर आणि ट्रेडमार्कच्या शोधपानावर दोन्हीकडे बघा. आम्ही एकीकडेच पाहिलं होतं. ११ मार्चला दोन नवी नावं पाठवली, १५ ला एक मंजूर झालं. मंजूर नाव २० दिवस राखून ठेवतात.

भाग ब मध्ये उद्दिष्टं, भांडवल, संचालक, पत्ता. पॅन, टॅन (करकपातीसाठीचा क्रमांक), भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा, व्यवसाय कर आणि बँक खातं हे सगळं त्यालाच जोडलेलं. निधी आणि विम्याची नोंदणी बघून घाबरू नका. नोंद आत्ता होते, वर्गणीचं बंधन अनुक्रमे २० आणि १० कर्मचारी झाल्यावर येतं.

भांडवलाबद्दल एक मुद्दा सीएने सांगितला म्हणून वाचलो. अधिकृत भांडवल (जास्तीत जास्त जेवढ्याचे शेअर काढता येतात ती रक्कम) एक लाख लिहून एक लाखाचे सगळे शेअर तिघांत वाटले असते तर इन्क्युबेटरचे ३ टक्के द्यायला शेअरच उरले नसते. मग अधिकृत भांडवल वाढवायचा वेगळा अर्ज, वेगळं शुल्क. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असेल तर मंत्रालयाचं नोंदणी शुल्क शून्य, आणि महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क तेव्हा पाच लाखांपर्यंत सारखंच होतं, एकूण १,३०० रुपये. म्हणून अधिकृत भांडवल पाच लाख ठेवलं. तिघांनी मिळून दहा रुपयांचे ९,७०० शेअर घेतले, ३०० इन्क्युबेटरसाठी ठेवले. ९,७०० ला तीनने भाग जात नाही. एकाचे ३,२३४ झाले, बाकी दोघांचे ३,२३३. त्या एका शेअरवरून अजून चहा वसूल होतो.

इन्क्युबेटरला सुरुवातीलाच भागधारक करू नका, हेही तेव्हाच कळलं. तो स्वतः बहुधा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे ना-नफा कंपनी असतो. त्यांच्या संचालक मंडळाचा ठराव झाल्याशिवाय सही मिळत नाही आणि बैठक तीन महिन्यांतून एकदा. नोंदणी झाल्यावर शेअर देणं सोपं.

२२ मार्चला भाग ब गेला. पुण्याचं कंपनी निबंधक कार्यालय आकुर्डीला आहे, पण नव्या नोंदणीचे अर्ज तिथे तपासत नाहीत. ते हरियाणात मानेसरला, केंद्रीय नोंदणी केंद्रात जातात. आकुर्डीला चकरा मारून उपयोग नाही. मधे धुळवड. २८ मार्चला अर्ज परत.

हरकत लाइट बिलावर. नोंदणीकृत कार्यालयाच्या पुराव्यासाठी दोन महिन्यांच्या आतलं बिल आणि जागामालकाचं ना हरकत पत्र लागतं. आमच्याकडे दोन्ही होतं. पण ना हरकत पत्रावर सही होती इन्क्युबेटरच्या व्यवस्थापकांची, आणि महावितरणचं बिल होतं विद्यापीठ चालवणाऱ्या विश्वस्त संस्थेच्या नावावर. अख्ख्या कॅम्पसला उच्चदाबाचं एकच मीटर असतं. बिलावर ना इमारतीचं नाव, ना मजला, नुसता गट नंबर आणि गावाचं नाव. आमच्या अर्जात मात्र "इन्क्युबेशन सेंटर, दुसरा मजला". मानेसरला बसलेल्या माणसाने या दोन्ही जागा एकच आहेत असं का धरावं?

दुरुस्तीला १५ दिवस. विश्वस्त संस्था, विद्यापीठ आणि इन्क्युबेटर ही तीन वेगळी कायदेशीर घरं आहेत हे तोपर्यंत डोक्यात आलंच नव्हतं. फी भरताना एकच पावती येते, तेव्हा कोण कशाला विचार करतो! साखळी अशी जोडावी लागली: विश्वस्त संस्थेचं पत्र, की ही जागा विद्यापीठाला वापरायला दिली आहे. कुलसचिवांचं पत्र, की त्यातला दुसरा मजला इन्क्युबेटरकडे आहे. इन्क्युबेटरचं ना हरकत पत्र, त्यात गट नंबर आणि इमारत दोन्ही लिहिलेलं. वर इन्क्युबेटर आणि संचालकांमधला ५०० रुपयांच्या स्टँपपेपरवरचा जागावापराचा करार. पहिलं पत्र सगळ्यात जड गेलं. विश्वस्त संस्थेचं कार्यालय शहरात, सचिव बाहेरगावी, आणि तिथल्या क्लार्ककाकांचा प्रश्न रास्त होता: "असं पत्र आजवर कोणी मागितलं नाही, उद्या कंपनी बुडाली तर?" धोरणाचं पान आणि कराराचं "जागेवर कोणताही हक्क राहणार नाही" हे कलम दाखवल्यावर फाइल पुढे सरकली. पाडव्याच्या आदल्या दिवशी, ८ एप्रिलला, संध्याकाळी साडेपाचला शिक्का पडला. १० ला अर्ज पुन्हा गेला, १६ एप्रिल २०२४ ला नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. कंपनी क्रमांकात पुण्याचं "पीएन" आहे.

सीएची फी ८,००० रुपये. अर्जावर सही करणाऱ्या व्यावसायिकाला कार्यालय स्वतः जाऊन पाहिल्याचं घोषित करावं लागतं, त्यामुळे तुमच्या कॅम्पसला यायला तयार असलेलाच सीए धरा. दिल्लीहून "९९९ रुपयांत कंपनी" म्हणणाऱ्यांच्या पॅकेजमध्ये ही भेट कशी बसते, त्यांनाच ठाऊक.

प्रमाणपत्र आलं म्हणजे काम संपलं असं वाटतं. इथून पुढच्या तारखा चुकवल्या तर दंड आहे. पहिली संचालक बैठक ३० दिवसांत. आम्ही १० मेला घेतली, त्यातच लेखापरीक्षक नेमला. शेअर प्रमाणपत्रं दोन महिन्यांत. आणि सर्वात महत्त्वाचा आयएनसी-२०ए हा फॉर्म: भागधारकांनी पैसे भरलेत, व्यवसाय सुरू करतोय, हे १८० दिवसांत कळवायचं. आमची शेवटची तारीख १३ ऑक्टोबर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. चुकलं तर कंपनीला ५०,००० रुपये दंड आणि संचालकांना वेगळा.

पण पैसे भरायला खातं सुरू हवं. बँक अर्जातच निवडलेली असते, तरी अधिकारी प्रत्यक्ष येऊन बघतात. १३ मेला पुण्यात लोकसभेचं मतदान होतं, शाखेतले निम्मे लोक निवडणुकीच्या कामाला. अधिकारी १६ मेला आले आणि पहिला प्रश्न, "पाटी कुठंय?" कंपनी कायद्याच्या कलम १२ नुसार कार्यालयाबाहेर कंपनीचं नाव आणि पत्ता लावायचाच असतो, इंग्रजीसोबत स्थानिक भाषेच्या लिपीतही. पुण्यात राहून पाटीला विसरणं म्हणजे कमाल. दुसऱ्या दिवशी ८५० रुपयांची ॲक्रिलिकची पाटी करून आणली, फोटो पाठवला, २१ मेला खातं चालू झालं.

शेअरचे पैसे ज्याचे त्याने, स्वतःच्या खात्यातून, पूर्ण रक्कम एकाच वेळी पाठवावेत. एकाने ३२,३४०, दोघांनी ३२,३३०. वडिलांच्या खात्यातून थेट कंपनीच्या खात्यात पाठवू नका. स्टेटमेंटवर भागधारकाचं नाव दिसलं पाहिजे. वडिलांनी मुलाला द्यावेत, मुलाने कंपनीला. आयएनसी-२०ए १८ जूनला भरला, शुल्क ४०० रुपये.

व्यवसाय कराचा धक्का मात्र कोणी सांगून ठेवला नव्हता. महाराष्ट्रात कंपनीला वर्षाला २,५०० आणि प्रत्येक संचालकालाही २,५००, मग उत्पन्न शून्य असो. तिघं संचालक आणि कंपनी धरून १०,०००. बाकी सगळा कागदांचा खर्च, पेटंटसकट, वीस हजारांच्या आत बसला. हे दहा हजार वर.

जीएसटी नोंदणी वस्तूंसाठी महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही. आम्ही म्हणून थांबलो होतो. भोसरीच्या पहिल्याच ग्राहकाने व्हेंडर फॉर्म पाठवला आणि त्यात जीएसटी क्रमांकाशिवाय पुढचं पान उघडेना. शिवाय दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. जुलैमध्ये अर्ज केला. आधार पडताळणी तिघांनी वेळेत केली म्हणून नऊ दिवसांत झालं. पत्त्यासाठी पुन्हा तीच साखळी, या वेळी एकाच पीडीएफमध्ये. शुल्क नाही. उद्यम नोंदणीलाही (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून होणारी सरकारी नोंद) शुल्क नाही. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नव्हे. उद्यम क्रमांक इन्व्हॉइसवर छापा. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३ब(एच) मुळे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च देणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. मोठ्या ग्राहकाच्या लेखा विभागाला हा एक ओळीचा क्रमांक बरोबर दिसतो.

स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता घ्यायला २४ जूनला अर्ज केला, ३ जुलैला परत. कारण आमचं लिखाण. "क्रांतिकारी", "अत्याधुनिक" असले शब्द पेरले होते. पुन्हा लिहिताना तीनच गोष्टी लिहिल्या: आज शॉपमध्ये कसं मोजतात, त्यात कुठे चुकतं, आमचं यंत्र काय वेगळं करतं. सोबत भोसरीतला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आणि पेटंट अर्जाचा क्रमांक. ८ ला पाठवलं, १५ ला प्रमाणपत्र. यानेही आयकर आपोआप माफ होत नाही, त्याचा अर्ज वेगळा असतो आणि तो मंत्रालयांच्या एकत्रित मंडळापुढे जातो.

कॉलेजचं काय, हे बरेच जण विचारतात. शेवटच्या सत्राची इंटर्नशिप स्वतःच्या कंपनीत दाखवता येते, पण परीक्षा विभागाचं लेखी पत्र सत्र सुरू होण्याआधी हवं. "सर हो म्हणाले" हे पुरत नाही. सर बदलतात.

पहिलं इन्व्हॉइस २२ ऑगस्टला निघालं: दोन प्रोब, जीएसटीसाठी मालाचा वर्ग ९०२७, कर अठरा टक्के. पैसे एकोणचाळिसाव्या दिवशी आले.

इन्क्युबेशनची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपणार होती. कार्यालय कॅम्पसच्या गावातून पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत न्यायचं म्हणजे विशेष ठराव करून तो कळवायचा, आणि पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत आयएनसी-२२ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा. मुदत संपायच्या आधी भोसरीत एक गाळा बघायला गेलो. साडेचारशे चौरस फूट, थ्री-फेज वीज, पाणी मात्र बोअरचं. मालक भाडं आणि डिपॉझिट सांगत होते. त्यांना मधेच थांबवून विचारलं, "काका, लाइट बिल कोणाच्या नावावर आहे?"

"आमच्या आजोबांच्या," ते म्हणाले.